जामीनदाराची सही

माझ्या वडिलांनी स्वतःसाठी कधी कर्ज काढलं नाही, तरी त्यांच्या पगारातून काही वर्षं हप्ता कापला जात होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला पतसंस्थेचं कर्ज हवं होतं, दोन जामीनदार लागत होते, त्यातले एक वडील झाले. पुढे सहकाऱ्याने नोकरी सोडली, गाव सोडलं आणि हप्ते थकले. “पैसे त्याने उचलले, आधी त्याला गाठा,” असं वडील संस्थेत सांगून आले. तिथे त्यांना त्यांचीच सही दाखवण्यात आली.

शाळेत चक्रवाढ व्याजाची उदाहरणं आम्ही वह्या भरभरून सोडवली, पण ते व्याज दुसऱ्याच्या कर्जावरही आपल्याला भरावं लागू शकतं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. जामीन म्हणजे ओळख पटवण्यापुरती सही, असं आजही अनेकांना वाटतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ वेगळंच सांगतं: करारात निराळं काही ठरलं नसेल, तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. कर्जदाराची मालमत्ता आधी विका आणि मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सहकारी संस्थेला तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि त्यावर जप्तीही होऊ शकते.

म्हणून काही नियम आम्ही घरात पाळतो.

हे कर्ज उद्या आपल्यालाच फेडायचं आहे, असं धरूनच आकडा बघायचा. झेपत नसेल तर माणूस कितीही जवळचा असला तरी सही करायची नाही.

कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. रक्कम, मुदत, व्याजदर भरलेला हवा आणि त्याची प्रत आपल्याकडे हवी. धंद्याच्या कॅश क्रेडिटला तर जास्तच जपायचं. तिथला जामीन पुढच्या उचलींनाही लागू राहतो. तो पुढच्या व्यवहारांपुरता मागे घेता येतो, त्यासाठी लेखी नोटीस द्यायची. आधीची बाकी मात्र चुकत नाही.

सही केल्यावर विसरायचं नाही. जामीन राहिलेलं कर्ज आपल्या सिबिल अहवालातही दिसतं. पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो मागवून हप्ते वेळेवर जातात का ते बघायचं.

भरावंच लागलं, तर प्रत्येक पावती जपायची. भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क करार कायद्याचं कलम १४५ देतं, पण दाव्याची मुदत पैसे भरल्यापासून ३ वर्षांची असते. वडिलांना हे कोणी सांगितलं नाही. “तो आता कुठला देतोय” असं म्हणण्यातच मुदत निघून गेली.

नाही म्हणणं अवघड जातं, विशेषतः मेहुणा किंवा चुलतभाऊ समोर बसला असेल तेव्हा. अशा वेळी “घरी विचारून सांगतो” म्हणू नये. त्याने समोरच्याची आशा वाढते. “आमच्याकडे कोणी कोणाला जामीन राहत नाही,” एवढं चहा यायच्या आत सांगून टाकावं. मदत करायचीच असेल, तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच पैसे हातात द्यावेत.