मनात एक, ओठांवर दुसरे



कुणाला वाईट वाटू नये म्हणून आपण पुष्कळदा दुसऱ्याची री ओढतो. त्याने ऐकणाऱ्याची फसगत होतेच. पण बोलणाऱ्याचे स्वतःचे मतही हळूहळू बदलते.

याविषयी लिऑन फेस्टिंगर व जेम्स कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांचा १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी खुंट्या फिरवत बसण्यासारखे कंटाळवाणे काम दिले. नंतर 'काम मोठे मजेचे आहे' असे पुढच्या व्यक्तीला सांगायला लावले. त्याबद्दल काहींना १ डॉलर दिला, तर काहींना २०. शेवटी खरे मत विचारले, तेव्हा १ डॉलर घेणाऱ्यांना ते काम अधिक आवडलेले दिसले! २० डॉलरवाल्यांना आपण पैशासाठी तसे बोललो, हे ठाऊक होते. १ डॉलरवाल्यांपाशी तसे सबळ कारण नव्हते. म्हणून मनाने मतच बदलून घेतले.

आता आपल्या शहराकडे वळू. निजामाच्या राजवटीत १९२९ च्या 'गश्ती नं. ५३' मुळे परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. लोक गप्प होते. पण का गप्प आहोत, हे जाणून होते. ग्रंथालये, शाळा, गणेशोत्सव यांतून मने जागी राहिली. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणणे सोडण्यास नकार दिला. त्यांना काढून टाकण्यात आले, तरी ते नमले नाहीत. अनेकांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पुरे केले.

सक्तीचे मौन मत झाकते. भिडेचा होकार मात्र मतच बदलू शकतो. गौलीगुड्यात पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असलेल्या आपल्या मंडळींत भीड अधिकच. बैठकीत शंका गिळून 'हो' म्हणणारा पुढे त्याच ठरावाची बाजू इतरांना पटवू लागतो. गणित न समजताच 'समजले' म्हणणाऱ्या मुलाला ते समजल्यासारखेच वाटू लागते, आणि फजिती होते ती परीक्षेत.

पालकहो, विश्वस्त मंडळी, चर्चेपूर्वी प्रत्येकाचे मत चिठ्ठीवर घ्यावे. मूल 'मला तसे वाटत नाही' म्हणाले, तर आधी कारण विचारावे. वेगळे मत म्हणजे उद्धटपणा नव्हे.

स्वाध्याय :
१. या आठवड्यात भिडेखातर कशाला 'हो' म्हटले? त्या वेळचे खरे मत वहीत लिहा.
२. तेच मत नम्रपणे कसे सांगता आले असते? दोन वाक्ये लिहा.