पुस्तकांतील ऑझ आणि पडद्यावरील ऑझ

'दि वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' हें मुलांसाठीं लिहिलेलें पुस्तक १९०० सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं प्रसिद्ध झालें. लेखक एल्. फ्रँक बॉम व चित्रकार डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो. याच गोष्टीवरून मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें १९३९ सालीं जो संगीत बोलपट काढला, तो आज मूळ पुस्तकाहून अधिक प्रसिद्ध आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं तो पाहिला असेल, आणि पाहिल्यावर पुस्तकांत वाचावयाचें काय उरलें, असेंही त्यांस वाटलें असेल. आम्हीं पुस्तक व बोलपट दोन्ही शेजारीं ठेवून तपासलीं. पात्रें तींच, रस्ता तोच. परंतु डोरोथीच्या प्रवासाचा अर्थ दोहोंत एक नाहीं. हा फरक कसा व कां पडला हें येथें सांगावयाचें आहे.

ज्यांस कथा ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां ती थोडक्यांत देतों. कॅन्सासच्या माळरानावर डोरोथी नांवाची पोरकी मुलगी हेन्री काका व एम् काकू यांजजवळ राहते. एके दिवशीं चक्रीवादळ तिला, तिच्या टोटो कुत्र्याला व राहत्या घराला उचलून ऑझ देशांत नेऊन टाकतें. घर पडतें तें पूर्वेकडील दुष्ट चेटकिणीच्या अंगावर. ती मरते व तिचे जादूचे जोडे डोरोथीस मिळतात. घरीं जाण्याचा मार्ग पाचूनगरींतील थोर जादूगार दाखवील या आशेनें ती पिवळ्या विटांच्या रस्त्यानें निघते. वाटेंत बुद्धि हवी असलेलें बुजगावणें, हृदय हवें असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या व धैर्य हवें असलेला भित्रा सिंह तिचे सोबती होतात. जादूगार त्यांस पश्चिमेकडील चेटकिणीचा नाश करावयास धाडतो. तो नाश होतो, आणि मग कळतें कीं जादूगार म्हणजे फुग्यांतून भरकटत आलेला एक साधा खेळिया आहे. शेवटीं डोरोथीस घरीं पोंचवितात ते तिच्या पायांतील जोडेच.

मेट्रो कंपनी या पुस्तकाकडे वळली याला एक निमित्त झालें. डिसेंबर १९३७ मध्यें वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट' हा हातानें काढलेल्या चित्रांचा पूर्ण लांबीचा बोलपट झळकला, व परीकथेवरही पैसा मिळतो हें सर्वांस दिसलें. १९३८ सालीं कंपनीनें सॅम्युएल गोल्डविन यांजकडून ऑझचे हक्क घेतले. एकंदर खर्च सुमारें २७ लक्ष ७७ हजार डॉलर झाला. त्या काळीं ही रक्कम फारच मोठी होती. एवढा पैसा घालावयाचा म्हणजे भीतिही तेवढीच. १९३३ सालीं पॅरामाउंट कंपनीचा 'ॲलिस इन वंडरलँड' पडला होता. मोठीं माणसें निव्वळ अद्भुत कथेस हंसतील, ही धास्ती पटकथेच्या पानापानांवर दिसते असें आम्हांस वाटतें.

पटकथेवर नोएल लँग्ली, फ्लॉरेन्स रायर्सन व एड्गर ॲलन वुल्फ यांचीं नांवें आहेत. हात मात्र याहून पुष्कळ अधिक जणांचे लागले. पहिले दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प थोड्याच दिवसांत बदलले गेले. मुख्य भाग व्हिक्टर फ्लेमिंग यांनीं घेतला, आणि ते 'गॉन विथ दि विंड'वर गेल्यावर कॅन्सासचीं दृश्यें किंग व्हिडोर यांनीं पुरीं केलीं. इतक्या हातांतून जाऊनही कथेची घडी विसकटली नाहीं, हें नवलच.

आतां पटाचा मोठा गुण सांगूं. बॉम यांनीं आरंभीं कॅन्सासचें जें वर्णन केलें आहे त्यांत करड्या रंगावांचून दुसरा रंग नाहीं. माळ करडा, गवत करडें, घराचा उडालेला रंग करडा. काकूंचे डोळे व गालही उन्हावाऱ्यानें करडे झालेले. पटांत कॅन्सासचा भाग तपकिरी एकरंगी छायेंत दाखविला असून डोरोथी दार उघडते तेव्हां ऑझचे सर्व रंग एकदम पुढें येतात. ही किमया साध्याच युक्तीची आहे. घराचा आंतील भाग तपकिरी रंगविला, जूडी गार्लंडच्या जागीं तपकिरी पोशाख घातलेली दुसरी मुलगी दाराशीं उभी केली, आणि हें सर्व रंगीत फिल्मवरच टिपलें. दार उघडून ती मुलगी बाजूस झाली कीं निळ्या झग्यांतील खरी जूडी पुढें येते. टेक्निकलरच्या त्या कॅमेऱ्यांत एकाच वेळीं तीन फिती फिरत व त्यास इतका प्रखर प्रकाश लागे कीं दिव्यांच्या उष्णतेनें नटांच्या अंगाची लाही होई. पुस्तकाच्या शब्दांशीं इतकें इमान आम्हांस पटांत दुसऱ्या कोठेंही आढळलें नाहीं.

रंगाच्याच पायीं जोडेही बदलले. पुस्तकांत ते रुप्याचे आहेत. पिवळ्या विटांवर लाल रंग उठून दिसावा म्हणून ते माणकांचे केले. त्यांपैकीं एका जोडीस डिसेंबर २०२४ च्या लिलावांत सर्व आकार धरून ३ कोटि २५ लक्ष डॉलर आले, म्हणजे सबंध पटाच्या खर्चाच्या दहापटीहून अधिक! अर्थात् तेव्हांचा डॉलर व आजचा डॉलर एक नव्हे.

परंतु रंगाच्या या हौसेंत एक फार मोलाची गोष्ट हरवली. पुस्तकांत पाचूनगरीच्या वेशीवर द्वारपाल प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवितो व त्याला कुलूप लावतो. नगरीचें तेज डोळ्यांस बाधेल, असें तो कारण सांगतो. पुढें जादूगार स्वतःच कबूल करतो कीं हें शहर इतर शहरांहून अधिक हिरवें नाहीं. चष्म्यांमुळें लोकांस तसें दिसतें, आणि वर्षानुवर्षें घातल्यानें तेंच खरें वाटूं लागलें आहे. पटांत चष्मे नाहींत, नगरी खरोखरच हिरवी आहे. सत्ताधीश मनुष्य सर्व प्रजेच्या डोळ्यांवर एकच रंग चढवितो व प्रजा त्यालाच सृष्टि समजते, हें बॉम यांनीं आठ-दहा वर्षांच्या मुलास सहज कळेल अशा रीतीनें सांगितलें होतें. इतिहासाच्या तासाला हा प्रसंग आम्ही खुशाल वाचून दाखवूं.

दुसरा फरक संरक्षणाचा. पुस्तकांत उत्तरेकडील भली चेटकीण डोरोथीच्या कपाळाचें चुंबन घेते व तेथें एक तेजस्वी खूण उमटते. पुढें पंख असलेलीं माकडें तिला धरावयास येतात. परंतु ती खूण पाहून तिच्या केसासही धक्का लावीत नाहींत, कारण चांगुलपणाची शक्ति दुष्टपणाहून मोठी आहे हें त्यांस ठाऊक असतें. पटांत तिला राखण्याचें हें काम माणकांच्या जोड्यांकडे आलें आहे. चेटकीण हात लावते तोंच त्यांतून ठिणग्या उडतात. पडद्यावर ठिणग्या अधिक शोभतात हें खरें. तथापि ज्या पालकांस चेटकिणींच्या गोष्टी मुलांच्या हातीं देण्याचा संकोच वाटतो, त्यांनीं कपाळावरील खुणेचा तो भाग अवश्य वाचावा.

एका ठिकाणीं मात्र पट मूळाहून सरस आहे. पुस्तकांत चेटकीण कपटानें एक जोडा हिरावून घेते, म्हणून डोरोथी रागानें बादलीभर पाणी तिच्या अंगावर फेंकते. पटांत चेटकीण बुजगावण्यास आग लावते, त्याला विझविण्यास डोरोथी पाणी फेंकते, व तें चेटकिणीच्या अंगावर उडतें. दोन्हींकडे चेटकीण विरघळते, आणि असें होईल हें दोन्हींकडे डोरोथीस ठाऊक नसतें; परंतु जोड्यासाठीं रागावणें आणि मित्रासाठीं धांवणें यांत किती अंतर!

पटामागील श्रमांची किंमत कोणीं दिली हेंही सांगितलें पाहिजे. लाकूडतोड्याचें काम प्रथम बडी एब्सेन करीत होते. तोंडास लावलेली ॲल्युमिनियमची पूड श्वासांतून आंत जाऊन ते रुग्णालयांत पडले व त्यांची भूमिका जॅक हेली यांस मिळाली. चेटकीण झालेल्या मार्गरेट हॅमिल्टन या डिसेंबर १९३८ मध्यें आगीच्या एका दृश्यांत तोंडावर व हातावर भाजल्या. या बाई पूर्वीं बालवर्गाच्या शिक्षिका होत्या. मुलें आपणांस भितात याचें त्यांस दुःख होई. म्हणून १९७५ सालीं फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांसाठीं असलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत त्यांनीं चेटकिणीचा पोशाख एकेक करून अंगावर चढवून दाखविला. जूडीचें वय चित्रीकरणाच्या वेळीं १६ होतें. तिला लहान दाखविण्यासाठीं अंग आवळून बांधीत, आणि तिच्या खाण्यावर कंपनीचा सक्त पहारा असे. तिचें 'ओव्हर दि रेनबो' हें गाणें ऐकतांना आमच्या मनांतून हें जात नाहीं. तें गाणेंही पहिल्या प्रयोगांनंतर वगळावयाचें घाटत होतें. पुढें त्याला ऑस्कर पारितोषिक मिळालें.

आतां मुख्य मुद्दा. पटांत डोरोथीच्या डोक्यास खिडकीची चौकट लागते, ती बेशुद्ध होते, आणि शेवटीं आपल्याच बिछान्यावर जागी होते. बुजगावणें, लाकूडतोड्या व सिंह हे शेतावरील तीन गडी होते. चेटकीण ही शेजारची खाष्ट मिस् गल्च होती. या बाईचें नांवही पुस्तकांत नाहीं. "तो देश खरोखर होता," असें डोरोथी कळवळून सांगते, व भोंवतालचीं मोठीं माणसें कौतुकानें हंसतात. अद्भुतास हंसणाऱ्या प्रौढ प्रेक्षकांची सोय येथें झाली. सर्व स्वप्नच होतें, मग शंका कशाची?

पुस्तकाचा शेवट पाहा. डोरोथी माळावर येऊन पडते ती नुसत्या मोज्यांवर; जोडे वाटेंत वाळवंटावर गळून गेले आहेत. समोर नवें घर आहे, कारण जुनें वादळानें खरोखरच नेलें होतें. कोबीला पाणी घालावयास निघालेल्या काकू धांवत येतात, "कोठून आलीस?" म्हणून विचारतात, आणि ती ऑझ देशाचें नांव सांगते. येथें कोणी हंसत नाहीं. तिनें खांबावरून सोडविलेलें बुजगावणें कोणा गड्याचें सोंग नव्हतें, व तिनें सांध्यांत तेल घालून चालता केलेला लाकूडतोड्याही नव्हता. तीं परकीं होतीं, आणि एका लहान मुलीनें त्यांस आपलेंसें केलें होतें. तिचें धैर्य तिच्या खात्यावर जमा आहे. स्वप्नांतील धैर्य कोणाच्या खात्यावर मांडावयाचें?

आरंभीं पटास तोटाच आला. १९४९ च्या पुनःप्रदर्शनानें तो भरून निघाला, व १९५६ पासून दूरचित्रवाणीनें तो घरोघर नेला. त्याबरोबर स्वप्नाचा शेवटही घरोघर गेला. बॉम १९१९ सालींच वारले होते. परंतु या प्रश्नाचें त्यांचें स्वतःचें उत्तर १९१० च्या 'दि एमराल्ड सिटी ऑफ ऑझ' या त्यांच्या पुढील पुस्तकांत सांपडतें. वादळानंतर बांधलेल्या त्या नव्या घराचें कर्ज हेन्री काकांस फिटत नाहीं, सावकार शेत घेणार असें ठरतें. पुतणीच्या ऑझच्या गोष्टी या दोघांनीं आजवर अर्धवट विश्वासानेंच ऐकलेल्या असतात. डोरोथी त्या देशाच्या राणीस, ओझ्मास, विनंती करते, आणि काका-काकू दोघेंही पाचूनगरींत कायमचें राहावयास जातात.