टॉवर दूर, फोन कानाशी

डहाणू तालुक्यात विज्ञान शिकवत असताना कैनाड आणि आसपासच्या पाड्यांवर मला एक प्रश्न पुनःपुन्हा ऐकायला मिळाला : “सर, मोबाईलनं डोक्याच्या शिरा करपतात का?” विचारणाऱ्यांत आयाबाया होत्या, मजुरीला जाणारे तरुण होते, शाळेतली पोरं होती. त्यांना नीट उत्तर द्यायचं म्हणून वाचत गेलो. त्यातून हाती लागलेलं हे काही.

१. “प्रयोगशाळेत दिसलं” असं कोणी म्हटलं, की “कशात दिसलं?” हे आधी विचारावं. काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींना कवटी नसते, रक्ताभिसरण नसतं. शरीरात रक्त उष्णता वाहून नेतं, बशीत तशी सोय नाही. शिवाय अशा प्रयोगांत बऱ्याचदा चेतापेशींच्या कर्करोगाच्या गाठीतून मिळालेल्या पेशी वापरतात, कारण त्या बशीत सहज वाढतात. म्हणून ते प्रयोग वाया गेले असं नाही. पण तिथून तुमच्या-माझ्या मेंदूपर्यंत यायला मधे बऱ्याच पायऱ्या आहेत.

२. उष्णता वेगळी काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. एक्स-रेसारखी रेणूंतले बंध तोडण्याची ताकद मोबाईलच्या लहरींत नाही. त्यांच्या एका कणाची ऊर्जा त्यासाठी लाखो पटींनी कमी पडते. त्यांचा पक्का माहीत असलेला परिणाम म्हणजे ऊब. आणि पेशी थोड्याशा उबेनेही बदलतात. चांगल्या प्रयोगात दोन सारख्या पेट्या असतात, तापमान सारखंच, एकीत लहरी चालू, दुसरीत बंद. आणि पेशी मोजणाऱ्याला कुठली पेटी कोणती हे माहीत नसतं. बातमी वाचताना मी हेच आधी शोधतो.

३. एकाच प्रयोगावरून भिऊ नये, एकाच प्रयोगावरून निर्धास्तही होऊ नये. १९९५ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री लाय आणि नरेंद्र सिंग यांनी उंदरांना दोन तास सूक्ष्मलहरींत ठेवलं आणि त्यांच्या मेंदूच्या पेशींतला डीएनए तुटलेला आढळला. सिंग यांनीच घडवलेल्या चाचणीत तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा दिसतो. पुढे सेंट लुईसच्या एका गटाने तसाच प्रयोग केला, त्यांना तसं काही दिसलं नाही. २००६ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पॉलराज आणि बिहारी यांना पस्तीस दिवसांच्या प्रयोगानंतर पुन्हा डीएनएची तूटफूट दिसली. स्वीडनमध्ये लुंडच्या सॅलफोर्ड यांनी २००३ मध्ये उंदरांच्या मेंदूत खराब झालेल्या चेतापेशी दाखवल्या. इतर प्रयोगशाळांना तो निकाल पुन्हा मिळवता आला नाही.

अमेरिकेच्या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाचा अहवाल २०१८ मध्ये आला. उंदरांना रोज नऊ तास, दोन वर्षं, सर्वांगावर लहरी. नरांच्या हृदयात श्वान पेशींच्या, म्हणजे चेतातंतूंवर आवरण घालणाऱ्या पेशींच्या, गाठी दिसल्या. त्याच अहवालात आहे, की लहरींत ठेवलेले नर न ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले. बातम्यांत बहुधा पहिलंच वाक्य येतं. दोन्ही सांगितल्याशिवाय माणसांना खरं सांगितलं असं होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी “कदाचित कर्ककारक” गटात टाकल्या. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मात्र माणसांमध्ये मोबाईल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. माझं मत या दुसऱ्या बाजूला झुकतं.

४. आपल्याकडे हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका याच्यावर कोणी बोलत नाही. लोक टॉवरला घाबरतात. पण टॉवर दूर असतो आणि अंतर वाढलं की लहरींचा जोर झपाट्याने घटतो. फोन मात्र कानाला चिकटलेला. त्यात रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोचायला फोन स्वतःचा जोर वाढवतो. म्हणजे टॉवर नको म्हणून भांडणारा माणूस बांधावर उभा राहून, रेंजची एकच दांडी दिसत असताना, अर्धा तास फोन कानाला लावतो, तेव्हा डोक्यात जाणाऱ्या लहरी मुख्यतः त्याच्याच हातातल्या फोनमधून येत असतात. करोनाच्या टाळेबंदीत आमची पोरं अभ्यासासाठी रेंज शोधत उंचावर जाऊन बसत. त्यांनाही मी हेच सांगत असे, की फोन पुढ्यात ठेवा, कानाशी नको.

५. मोजमापाने भीती कमी होते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा अफवांना ऊत आला होता. धक्क्यांची नोंद करणारी यंत्रं आली, आकडे कळू लागले, तसं निदान बोलणं तरी ताळ्यावर आलं. टॉवरचंही तसंच. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक गिरीश कुमार यांनी २०१० मध्ये दूरसंचार विभागाला टॉवरच्या लहरींबद्दल इशारा देणारा अहवाल दिला होता. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण प्रश्न विचारला हे योग्यच झालं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली. फोनसाठी ती एका ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोमागे १.६ वॅट. आपल्या फोनचा आकडा *#०७# दाबून बऱ्याच फोनांवर दिसतो. टॉवरची माहिती सरकारच्या “तरंग संचार” या संकेतस्थळावर मिळते.

६. रेंज कमी असेल तिथे लांबलचक बोलणं टाळा. बोलावंच लागलं तर स्पीकर लावा किंवा वायरचा इयरफोन घ्या. झोपताना फोन उशाखाली ठेवू नका. आणि ग्रामसभेत टॉवर हटवा म्हणण्याऐवजी पाड्यापर्यंत चांगली रेंज आणि टॉवरच्या मोजमापाचे आकडे, दोन्ही मागा.