तळ्यातील बाग

सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस रानफुलांचे गालिचे पसरतात. 2012 साली पश्चिम घाटातील निवडक स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हे पठारही आहे. भाद्रपद-आश्विनात तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागते. याच पठारावर कुमुदिनीचे एक तळे आहे. पाण्यावर तरंगणारी हृदयाच्या आकाराची पाने, त्यांमधून डोकावणारी पांढरीशुभ्र फुले, पाकळ्यांना केसांसारखी नाजूक झालर आणि मध्यभागी पिवळा ठिपका! ते पाहण्यासाठी लोक मैलोन्‌मैल चालत जातात.

हीच कुमुदिनी महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील तलावांतही फुलते. तेथे मात्र तिचे छायाचित्र काढावयास सहसा कोणी जात नाही. तिची खबर असते ती मासे धरणाऱ्या ढिवरांना. आणि ढिवर तिच्याकडे पाहतो तो फुलाकडे नव्हे, तर पानाखाली काय चालले आहे इकडे!

गोंदिया व भंडारा हे तलावांचे जिल्हे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा एकच मुलूख होता. येथील जुने तलाव प्रामुख्याने कोहळी समाजातील लोकांनी बांधले. जो तलाव बांधील त्यास त्याखालील जमीन मिळे, अशी गोंड राजांच्या काळची परंपरा सांगतात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. डोंगरांमधील खिंडीत मातीची पाळ घालावी, पावसाचे पाणी अडवावे आणि ते पाटाने धानाच्या बांध्यांत सोडावे, अशी ही साधी पण मोठ्या शहाणपणाची योजना होती. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारच्या ताब्यात गेले. ते योग्यच झाले. परंतु दरवर्षी पाळ दुरुस्त करणारे, गाळ उपसणारे जे हात होते ते हळूहळू दूर झाले. तलाव उथळ होत चालले.

अशा उथळ पाण्याच्या काठी एका परदेशी झुडपाने ठाण मांडले. त्याचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतले. फुले दिसायला गोजिरवाणी, फिक्या जांभळट-गुलाबी कर्ण्यांसारखी. पण त्याची पाने विषारी असल्याने गुरे त्यास तोंड लावीत नाहीत, तोडून टाकलेली फांदी चिखलात पडली तरी तिला मुळे फुटतात, आणि कितीही हाकलले तरी ते पुन्हा येते. लोकांनी त्याचे नाव ठेवले बेशरम! याहून समर्पक नाव शास्त्रज्ञांनाही सुचले नसते.

बेशरम वाढली तशी काठची जुनी हिरवळ गेली. त्यातच तलावांत कटला, रोहू यांसारखे लवकर वाढणारे मासे सोडण्याची प्रथा पडली. त्यांच्याबरोबर सायप्रिनस नावाचा परदेशी मासाही आला. तो अन्नासाठी तळाचा चिखल उकरतो व कोवळ्या पाणवनस्पती मुळासकट उपटतो. पाणी गढूळ झाले की तळापर्यंत सूर्यप्रकाश पोचत नाही आणि उरलेल्या वनस्पतीही मरतात. मग मरळ, शिंगी असे गावठी मासे जाळ्यात कमी येऊ लागले. ज्यांचे पोट तळ्यावर, त्यांच्या चुलीपर्यंत ही गोष्ट पोचली.

मासे कमी झाले तर आणखी मासे सोडावेत, असे कोणासही वाटेल. अर्जुनी मोरगाव येथील जाणते ढिवर पतिराम तुमसरे यांचे म्हणणे निराळे होते. मासा हवा असेल, तर आधी त्याचे घर हवे. आणि ते घर म्हणजे पाण्यातील झाडपाला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशी अंडी घालतो, कोणाची पिले कोठे लपतात, हे ज्ञान जुन्या ढिवरांजवळ पिढ्यान्‌पिढ्या होते. मात्र ते कोठे लिहिलेले नव्हते. भंडाऱ्याचे अभ्यासक मनीष राजनकर व त्यांचे सहकारी या लोकांच्या संगतीने ते टिपून घेऊ लागले, आणि 2009 च्या सुमारास अर्जुनीच्या नव तलावात एक नवल घडू लागले. मासेमारांनी तळ्यात बाग लावावयास घेतली!

काम सोपे नव्हते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळापासून खणून काढावयाची. वर वर कापून भागत नाही. मग उघड्या पडलेल्या तळाच्या भागावर नांगर फिरवून माती मोकळी करावयाची. पहिला पाऊस पडून तळ्यात पाणी भरू लागले, की दुसऱ्या तलावांतून आणलेल्या वनस्पती तेथे लावावयाच्या. धानाची रोवणी ज्यांच्या हाताला ठाऊक आहे त्यांना हे काम शिकवावे लागत नाही. पुढे तालुक्यातील इतर गावांतही असे काम झाले व त्यात ढिवर समाजातील स्त्रियांनी पुढाकार घेतला.

या बागेतही वाफे असतात, पण ते पाण्याच्या खोलीप्रमाणे. काठाच्या ओलीत देवधान, म्हणजे रानटी भात. आपण खातो त्या भाताचा तो पूर्वज. त्याचा दाणा पिकताच आपोआप गळून पाण्यात पडतो. त्याच्या जवळच लव्हाळ्याच्या कुळातील उंच, सुईसारखे गवत. त्याचे कंद सारस पक्षी चिखल उकरून खातात, आणि महाराष्ट्रात सारस टिकून आहेत ते मुख्यतः गोंदियाच्याच परिसरात. थोड्या खोल पाण्यात कुमुदिनी. त्याहून आत, संपूर्ण बुडालेल्या हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया. दिवसा सूर्यप्रकाशात या वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांच्या देठांना मासे अंडी चिकटवितात. मरळ तर वनस्पतींच्या दाटीत थोडी जागा मोकळी करून तेथे अंडी घालतो व पिले मोठी होईतो त्यांची राखण करतो. दाटीच नसेल तर त्याने कोठे जावे?

यांपैकी व्हॅलिस्नेरियाची कथा मोठी मनोरंजक आहे. तिची पाने फितीसारखी लांब असतात. तिचे नर व मादी रोप वेगवेगळे असते. नर फुले अतिशय बारीक. ती तळाशी असतानाच देठापासून सुटतात, बुडबुड्यांप्रमाणे वर येतात आणि पाण्यावर उमलून वाऱ्याबरोबर वाहत जातात. मादी फूल मात्र लांब, बारीक देठाच्या टोकावर पृष्ठभागापर्यंत येऊन थांबते. त्याच्या भोवती पाण्याला किंचित खळगा पडतो आणि तरंगत आलेली नर फुले त्यात घसरून त्याला भेटतात. परागसिंचन झाले, की तो लांब देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो व फळाला पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो!

अशा वनस्पतीचे छायाचित्र घेणे ही एक कलाच आहे. पाण्याबाहेर काढताच ती ओल्या दोऱ्यांसारखी लोळागोळा होते, कारण तिला ताठ उभे ठेवण्याचे काम पाणीच करीत असते. म्हणून तिचा छोटा तुकडा काचेच्या स्वच्छ भांड्यात, पाण्यातच ठेवावा. मागे काळे कापड धरावे, प्रकाश बाजूने येऊ द्यावा आणि पाणी निवळेपर्यंत धीर धरावा. मग पानांच्या कडेचे बारीक दातेदेखील स्पष्ट उमटतात. शेजारी मोजपट्टी ठेवल्यास आकार कळतो. छायाचित्राखाली तलावाचे नाव, दिनांक आणि गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले वनस्पतीचे स्थानिक नाव लिहून ठेवावे. एकाच वनस्पतीस शेजारच्या गावात निराळे नाव असते, हे तेव्हाच ध्यानात येते. आणि खोल पाण्यात एकट्याने कधीही उतरू नये. वनस्पतींच्या जाळ्यात पाय अडकतो. हा इशारा तेथील पोहणारे लोकही देतात.

लावलेली बाग लगेच बहरते असे नाही. एखाद्या वर्षी पाऊस उशिरा येतो, एखाद्या वर्षी पुराच्या लोंढ्याबरोबर कोवळी रोपे सांडव्यावरून वाहून जातात. बेशरमीचा एखादा तुकडा कोठेतरी राहिलेला असतोच. तो दरवर्षी शोधून काढावा लागतो. मे महिन्यात तळे आटले की भेगाळलेल्या चिखलावर हिरवे असे काहीच उरत नाही आणि परका मनुष्य म्हणेल, सारी मेहनत वाया गेली. ढिवर मात्र तेथे हाताने चिखल उकरून पाहतात. आत लव्हाळ्याचे कंद आणि हायड्रिलाच्या वाटाण्याएवढ्या गाठी टणक असतात. त्या पुन्हा मातीने झाकून ते घरी जातात व मृगाच्या पावसाची वाट पाहतात.