स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

हे बघ पोरा, तुझी स्प्लेंडर जुनी, कार्बोरेटरवाली. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं, तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत हवा-पेट्रोलचा हिशोब सेन्सर ठेवतो. तुझ्या गाडीचा हिशोब तुलाच ठेवायचाय.

थंड हवा दाट असते. निफाडची 5 अंशांची पहाट आणि अकोल्याची 45 अंशांची दुपार यांतल्या हवेच्या वजनात साधारण आठव्या हिश्श्याचा फरक. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक मात्र तेवढंच. म्हणून थंडीत पेट्रोल कमी पडतं, उन्हाळ्यात जास्त होतं. पण दाट हवा पेट्रोलही थोडं जास्त ओढते, त्यामुळे मिश्रणातला फरक त्याच्या निम्म्यावर येतो. तेवढ्यासाठी जेट बदलायची गरज नाही, कार्बोरेटरच्या स्क्रूचा पाव राऊंड पुष्कळ झाला.

आधी फिल्टर बघ. धुळीने तुंबला असेल तर गाडी पेट्रोल पिणारच, मग स्क्रू कितीही फिरव. नंतर प्लग काढ. टोक विटकरी-तपकिरी असेल तर काही करू नकोस. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, काळी काजळी असेल तर जास्त. चोक चालू राहिला तरीही प्लग काळा होतो. थंडीत चोक ओढून किक मार, पण इंजिन धरायला लागलं की लगेच बंद कर.

एवढं करूनही गरम गाडी सिग्नलला मरत असेल, रेस सोडल्यावर सायलेन्सर फटफटत असेल, तरच स्क्रू. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल कमी. इंजिनच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा, बाहेर काढला की पेट्रोल जास्त. हे न बघता फिरवलंस तर उलटंच होईल.

गाडी बंद असताना स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घे आणि राऊंड मोज. जोर लावलास तर टोक आणि बैठक दोन्ही खराब. तो आकडा साइड पॅनेलच्या आतून लिहून ठेव, मग स्क्रू होता तिथे आण. दहा मिनिटं गाडी फिरवून इंजिन तापव. आता अंदाजाने नाही, कानाने लाव: हळूहळू फिरवत जा, आवाज सर्वांत चढा आणि एकसारखा लागेल तिथे थांब. मग स्लोचा स्क्रू सैल करून रेस खाली आण.

मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी किक घेत नसेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तापलेलं असतं. चोकला हात लावू नकोस. रेस थोडी उघडी धरून किक मार. पावसाळ्यात मिसिंग आलं तर स्क्रूवर शंका घेण्याआधी वाटीचा ड्रेन स्क्रू सोड. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं, पाणी तळाशी बसतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी कर.

दिवाळीनंतर थंडीसाठी फिरवलेला पाव राऊंड होळीला परत घ्यायचा. होळी जळाली, थंडी पळाली, हे गाडीलाही लागू आहे.