वनौषधींची ओळख आणि डीएनए बारकोड

चिकणा हे पडीक जमिनीवर व रस्त्याच्या कडेला उगवणारे लहानसे झुडूप. आयुर्वेदात त्यास ‘बला’ असे नाव असून भारतीय आयुर्वेदीय औषधकोशानुसार बला म्हणजे सिडा कॉर्डिफोलिया या जातीचे मूळ होय. बाजारात मात्र हे मूळ वाळवून, तुकडे करून वा दळून येते. पाने, फुले व फळे नसताना केवळ भुकटीवरून जात ओळखणे जाणकारासही कठीण असते.

चेन्नईनजीक कट्टनकुलथूर येथील एसआरएम विद्यापीठाच्या संशोधकांनी बला म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांची जनुकीय तपासणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकही नमुना खऱ्या बलेचा आढळला नाही. ७६ टक्के नमुने सिडा प्रजातीतीलच अन्य जातींचे होते, तर उर्वरित २४ टक्के सर्वस्वी वेगळ्या प्रजातींचे. सर्वाधिक म्हणजे ३६ टक्के वाटा सिडा अक्युटा या जातीचा होता. बलेच्या मुळाच्या तुलनेत तिच्यात इफेड्रिन सहापट असते. इफेड्रिनमुळे हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो; तेव्हा ही अदलाबदल रुग्णाच्या दृष्टीने किरकोळ नाही.

या तपासणीत डीएनएचा जातीगणिक बदलणारा एक छोटा भाग निवडला जातो. पीसीआर तंत्राने त्याच्या असंख्य प्रती तयार करून त्यातील घटकांचा क्रम वाचतात व तो खात्रीच्या वनस्पतींच्या संदर्भसंग्रहाशी ताडून पाहतात. प्राण्यांसाठी हा भाग तंतुकणिकेतून घेतात. वनस्पतींमध्ये तेथील क्रम फार संथपणे बदलत असल्याने २००९ मध्ये हरितलवकातील आरबीसीएल व मॅट-के या जनुकांची शिफारस झाली. निकटच्या जाती वेगळ्या करण्यास केंद्रकातील आयटीएस-२ हा भागही उपयोगी पडतो.

अशी प्रत्येक तफावत म्हणजे फसवणूक, असे मानणे योग्य नव्हे. बला, अतिबला, महाबला व नागबला ही नावेच इतकी जवळची आहेत की रानातून मुळे गोळा करणाऱ्याची गफलत सहज होऊ शकते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या प्रकरण ४-अ मध्ये आयुर्वेदीय औषधांतील भेसळीविषयी तरतुदी आहेत. परंतु डीएनए चाचणी जात सांगते, विक्रेत्याचा हेतू नव्हे.

विद्यार्थ्यांनी या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. काढा किंवा अर्क तयार करताना डीएनएचे तुकडे होतात व चाचणी अनेकदा निष्फळ ठरते. मुळाऐवजी त्याच झाडाची पाने मिसळली, तर बारकोडमध्ये फरक दिसत नाही. इफेड्रिनचे प्रमाण जाणून घेण्यासाठी रासायनिक पृथक्करणच करावे लागते.