शिक्षिकेला समुपदेशन करता येईल का?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. बी.ए.ला मानसशास्त्र होते. मुली मन मोकळे करायला माझ्याकडे येतात. घरी समुपदेशन केंद्र सुरू करू का? परवा एक मुलगी ‘जगावंसंच वाटत नाही’ म्हणाली. विचारले तर तिच्या डोक्यात नको ते भरेल, म्हणून मी विषय बदलला. चुकले का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : आधी त्या मुलीविषयी. तुमची भीती स्वाभाविक आहे. पण विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला आजच एकांतात शांतपणे विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का गं?’ उत्तर ‘हो’ आले तर तिला एकटी सोडू नका. मुख्याध्यापकांना व पालकांना सांगा, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला लावा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. गुपित राखण्याचे वचन मात्र देऊ नका.

आता केंद्राविषयी. बी.ए. हा पाया आहे, उपचाराचा परवाना नव्हे. एम.ए. आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली सराव हवा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्राच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमांना मनाई केली आहे. प्रवेश घेण्यापूर्वी हे लक्षात घ्या.

तोवर शाळेतच पुष्कळ करता येईल. ‘त्यात काय एवढं’ म्हणण्याऐवजी ‘मग काय झालं?’ विचारा, पूर्ण ऐका. निदान करू नका. मुलीला वेळेवर योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, हेही मोठेच काम आहे.